अर्धवट पॉन्टियाकच्या विक्रीचा खरा वृत्तान्त

ओवोसो, मिशिगन
सोमवार, ता. २० ऑक्टोबर

आदरणीय हिल्ड्रेथताईस,

धाकट्या भावाचा सविनय नमस्कार. तुझा गुडघा आता तुला जिना चढू देतो असे समजले, बरे वाटले. येथे सर्व क्षेम. तुझी भावजय व्हर्ना रविवारपर्यंत टोलेडोला आपल्या बहिणीकडे आहे, त्यामुळे मी उकडलेल्या अंड्यांवर आहे.

तुझ्या चिरंजीवाने, ग्लेनने, माझ्या गाडीच्या विक्रीचा जो वृत्तान्त तुला फोनवरून दिला, तो तपशिलात चुकीचा आणि निष्कर्षात घातक आहे. मी गिऱ्हाइकाच्या अंगावर झाडू घेऊन धावलो नाही; मी मेपलची पाने झाडत होतो आणि गिऱ्हाईक मध्ये आले. पॉन्टियाक १९७० ची नव्हती, १९६९ ची होती. आणि "मामांनी गाडी विकलीच नाही, ती अंगणात ताडपत्रीखाली आहे" हे विधान साफ खोटे आहे. गाडी विकली. ताडपत्रीचा मुद्दा यथावकाश घेतो.

विकण्याचे कारण तू जाणतेस. गेल्या फेब्रुवारीत व्हर्ना आपल्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना घसरली आणि तिचे मनगट मोडले. त्या वेळी गॅरेजमध्ये, उबेत, कोण होते? चाके नसलेली माझी पॉन्टियाक. प्लास्टर निघायच्या आधी एका सकाळी व्हर्ना म्हणाली, "हॅरल्ड, पुढच्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये माझी गाडी असेल. तुझी कुठे असेल ते तू बघ." एवढे बोलून तिने डाव्या हाताने मला कॉफी ओतून दिली. बोलण्याला मी उत्तर दिले असते. त्या डाव्या हाताला देता आले नाही.

तेव्हा जाहिरात दिली. आपल्याकडे अशा अर्धवट गाड्यांच्या जाहिरातीत एक वाक्य ठरलेले असते: 'उभी केली तेव्हा चालत होती.' जन्मभर मुलांना भाषा शिकवलेल्या माणसाला ते लिहवेना. (वाक्य व्याकरणशुद्ध आहे; खोटे आहे, इतकेच.) मी लिहिले की गाडी उभी केली तेव्हाही चालत नव्हती, कारण ती ओढून आणली होती, इंजिन कपडे धुण्याच्या खोलीत असून त्यावर टॉवेल वाळत घातले आहेत, आसने माळ्यावर आहेत, बोल्ट कॉफीच्या डब्यांत आहेत आणि कोणत्या डब्यात कुठले, हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या गळून पडल्या आहेत. शेजारच्या रॉस्कोने ती वाचली आणि विचारले, "मास्तर, ही जाहिरात आहे की मृत्युलेख?" तरीही शनिवारी सकाळी तो घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन आमच्या अंगणात हजर होता.

या सौद्यांत गिऱ्हाइकाने गाडीची निंदा करायची आणि मालकाने ती मुकाट्याने ऐकायची, असा रिवाज आहे. पहिले गिऱ्हाईक डेलमार नावाचे. त्यांनी खिशातून फ्रिजवर लावायचा चुंबक काढून गाडीच्या मागच्या अंगाला लावला. तो टपकन खाली पडला. (पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, थापलेली असली की तो पडतोच.)

"आजोबा, हिच्यात पत्र्यापेक्षा लांबीच जास्त आहे की."

"जाहिरातीच्या चौथ्या परिच्छेदात तसे स्पष्ट लिहिले आहे," मी म्हणालो.

"ते कोण वाचतंय? मी फोटो बघून आलो."

"घेऊन जा रे," रॉस्को खुर्चीतून म्हणाला, "वरून भिंतीचाच रंग दिलास तरी चालेल."

मुकाट्याने ऐकणे मला जमले नाही. डेलमार यांच्या निंदेत बरेच दोष राहून गेले होते. ते मी एकेक करून दाखवून दिले. डेलमार मागे मागे सरकत पानांच्या ढिगात बसले आणि उठून निघून गेले. झाडूची कथा ती एवढीच.

मग सॅगिनॉचे पर्व्हिस आले. त्यांच्या ट्रेलरवर आधीच एक गाडी होती, ताडपत्रीने झाकलेली. त्यांनी चुंबक काढला नाही. इंजिनावरचे टॉवेल उचलले, नीट घड्या करून बाजूला ठेवले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मनुष्य मला आवडला.

"ट्रेलरवर काय आहे?" मी विचारले.

"काय सांगू मास्तर. बायको म्हणाली, आज ही गाडी विकून ये, नाहीतर तूही घरी येऊ नकोस. गिऱ्हाईक ठरवूनसुद्धा आलं नाही."

"आणि माझी घेऊन घरी गेलात तर?"

"ती म्हणाली, ही विक. तुमची तिने पाहिलीय कुठे?"

या तर्कात मला दोष सापडला नाही.

दुपारी पॉन्टियाक इंजिन, आसने आणि डब्यांसह गेली. वळणाआड जाईपर्यंत मी झाडू धरून उभा होतो. नंतर गॅरेज धुऊन काढले आणि दाराचे बटण व्हर्नाच्या मनगटाला त्रास होणार नाही इतके खाली बसवले. रविवारी ती आपली गाडी थेट आत आणील. या हिवाळ्यात तिला काच खरवडावी लागणार नाही. मी शब्द पाळला आहे.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
हॅरल्ड

ता. क. पर्व्हिस यांची १९६८ ची ब्यूइक सध्या माझ्या अंगणात आहे. ग्लेनने ताडपत्री बरोबर पाहिली, गाडी चुकीची ओळखली. हिला चारही चाके आहेत.

ता. क. २. तुझ्या कोठारात मक्याच्या जुन्या यंत्रामागे जागा आहे असे स्मरते. व्हर्नाने विचारलेच तर खोटे मुळीच बोलू नकोस. पॉन्टियाक विकली, एवढेच सांग.

ता. क. ३. ग्लेनच्या तारखा अशा सुधारून घ्याव्यात:

मनगट मोडले: ९ फेब्रुवारी. मार्चमध्ये नव्हे.
जाहिरात: १४ ऑक्टोबर. ११ नव्हे.
विक्री: शनिवार, १८ ऑक्टोबर. 'झालीच नाही' ही तारीख नव्हे.
ब्यूइक तुझ्या दारात: शनिवार, २५ ऑक्टोबर. ही ग्लेनला अजून ठाऊक नाही. ट्रक त्याचा आहे, तेव्हा त्याला तूच सांगावेस.
व्हर्ना घरी: रविवार, २६ ऑक्टोबर. ही एकच तारीख ग्लेनने बरोबर सांगितली आहे.