प्रार्थनेचा डावा हात

सोम., ७ जुलै ८६. जळगाव
नवे संगीतशिक्षक डिमेलो शाळेत हजर. मुंबईच्या हॉटेलांत तीस वर्षं जॅझ पियानो. तिथले वाद्यवृंद बंद पडत गेले, मुलगी भुसावळला दिलेली, म्हणून इकडे. सध्या तात्पुरते. हॉलमधला जुना पियानो उघडला. प्रार्थनेला उजवा हात सरळ, डावा भलतीकडे. मुली मात्र कधी नव्हे ते मोकळ्या गळ्याने गायल्या.

गुरु., १०
चाल तीच, डावा हात रोज वेगळा. डि.ना विचारलं, "एकदा ठरवून का वाजवत नाही?"
"ठरवतो बाई. मग हात ऐकत नाही."
हे काय उत्तर झालं!

शनि., १२
संस्थेचे अध्यक्ष नाना प्रार्थनेला. नंतर माझ्या खोलीत: "बाई, तुम्ही मुख्याध्यापिका. ही प्रार्थना की क्लबातला नाच? पुढच्या शनिवारी येतो. सरळ झाली नाही तर त्यांना नारळ द्या."

सोम., १४
शाळा सुटल्यावर पियानो स्वतः तपासला. कॉलेजात पेटी शिकले, तेवढं कळतं. डावीकडच्या कितीतरी पट्ट्या मुक्या. पावसाळी हवेने रोज एखादी नवी अडकते. उलगडा झाला! डि. मुक्या पट्ट्या चुकवत वाजवतात. नानांना फोन: दुरुस्ती करून घेते, प्रार्थना सरळ होईल. शब्द दिला.

गुरु., १७
भुसावळचा कारागीर दिवसभर. शेवटी शिपाई सुकदेवने एकेक पट्टी दाबून पाहिली. "बाई, बठ्ठ्या बोलतस आते." एकही मुकी उरली नाही.

शुक्र., १८
डावा हात आज आणखी लांब गेला. वाटलं, परत येत नाही. आला. मुली गाता गाता हसल्या.
तडक त्यांच्याकडे गेले. "आता तर सगळ्या पट्ट्या वाजतात!"
"हो ना बाई, थँक्यू. केवढी जागा झाली!"
माझा अंदाज साफ चुकला. मग हे करतात तरी काय?
संध्याकाळी डि.नी मला पियानोसमोर बसवलं. मी चाल वाजवायची, डावीकडे ते. मधेच एक विचित्र सूर. मी थांबले.
"थांबू नका हो, तो कुठेतरी निघालाय."
नानांचं सांगितलं. त्यांनी पियानोचं झाकण लावलं. मग, "उद्या सरळ वाजवतो. तुम्ही म्हणाल तसं."
पाहते, म्हटलं.
सरळ वाजवलं तर नोकरी राहील. तो सूर कुठे निघाला होता, ते मात्र...

शनि., १९. सकाळ
नानांची खुर्ची पहिल्या रांगेत, नेहमीसारखी. माझी सुकदेवला पियानोच्या डाव्या बाजूला ठेवायला सांगितली. डि. आलेत, माझ्याकडे बघतायत. मी अजून 'सरळ वाजवा' म्हटलेलं नाही. घंटा झाली.