केकसकट परत आलेल्या पाट्या

प्रिय अर्नेस्टीनताई,

तिकडे डेट्रॉइटच्या थंडीत काकडणाऱ्या तुला जॉर्जियाहून धाकट्या थेरॉनचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? (डॉक्टरने चालायला सांगितलं म्हणून तू डॉक्टरच बदललास, हे माझ्या कानावर आलं आहे.) इकडे मी आणि तुझी भावजय कोरा खुशाल, आणि धंदाही खुशाल. मयताचा धंदा खुशाल आहे असं पत्रात लिहू नये असं आई म्हणायची, पण तू घरचीच आहेस.

मी कॉरोनरच्या जागेला का उभा राहिलो ते तुला सांगायला नको. कोण कशानं मेलं हे लिहिणारा माणूससुद्धा आपल्या काउंटीत मतं देऊन निवडतात, आणि कित्येक वर्षं ते काम फर्निचरवाला वेंडल करतो आहे. तुझ्या नातवाला, मार्लनला, गाडीचा मागचा दिवा फुटला म्हणून तुरुंगात नेलं, आणि तिथून तो आला तो थेट मयत धुवायच्या माझ्याच टेबलावर. बावीस वर्षांचं पोर. वेंडलने लिहिलं, हृदय बंद पडून नैसर्गिक मृत्यू. (हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, ताई. उभ्या आयुष्यात मी चालू हृदयाचं मढं पाहिलेलं नाही.) मी निवडून आलो तर ती चौकशी पुन्हा उघडता येईल. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पक्षाने मदतीला अटलांटाहून ग्रेडन नावाचा गोरा तरुण पाठवला. मनाने फार चांगला. आपल्या दुःखावरची पुस्तकं त्याने आपल्यापेक्षा जास्त वाचली आहेत. तो म्हणाला, अंगणात रोवायच्या प्रचाराच्या पाट्यांवर तुमचा फोटो नको, नुसतं आडनाव ‘टॅल्बर्ट’ लिहू. लोक वाईट नाहीत, फक्त अजून तयार नाहीत. (साठ वर्षांपूर्वी तू गोऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकलंस तेव्हाही ते तयारच होत होते. इतका वेळ नवरीसुद्धा लावत नाही.) पाट्या एकाच बाजूने छापल्या, मागची बाजू कोरी ठेवली. आणि काय सांगू, नदीकडच्या गोऱ्या वस्तीत अंगणाअंगणांत टॅल्बर्ट उगवला! त्यांना वाटलं, नदीकडच्या टॅल्बर्टांपैकीच कोणीतरी उभा आहे. तसे आपण एकाच घरचे म्हणा. त्यांचे खापरपणजोबा त्या घराचे मालक होते आणि आपले त्या घराच्या सामानात मोजले जात.

मग आलं चर्चच्या मैदानावरचं तळलेल्या माशांचं जेवण, जिथे प्रत्येक उमेदवाराला तोंड दाखवावंच लागतं. (ग्रेडन म्हणाला, सर्दी झाली असं कळवू. मी म्हटलं, बाबा रे, सर्दी आठवड्यात जाते, रंग नाही जायचा.) नाव पुकारलं, मी उठलो. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी माझ्या पाठीमागे पाहिलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, “टॅल्बर्टसाहेब गाडी लावताहेत का?”

“लावली की, तुमच्याच शेजारी,” मी म्हटलं. सगळे हसले. मी भाषण केलं, टाळ्या पडल्या, एकानेही वाकडा शब्द काढला नाही. नदीकडच्या म्हाताऱ्या मिसेस टॅल्बर्टनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “काय छान बोलता हो तुम्ही! माझ्या मनात तसलं काही नाही, देवाशप्पथ. पण घरातलं माणूस गेलं की त्याला ओळखीचा हात लागावा असं वाटतं, नाही का?” (आपल्या आईने जन्मभर त्यांच्या घरी रांधलं. तो हात ओळखीचा होता.) मी हसून मान डोलावली. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्याच दिवशी पाट्या परत आल्या. कोणी त्या फोडल्या नाहीत की काळं फासलं नाही. धुऊन, पुसून, तारेच्या पायांची माती काढून माझ्या फाटकाशी नीट रचून ठेवल्या होत्या, आणि वर कापडाने झाकलेला लोण्याचा केक. सोबत चिठ्ठी, ‘आमच्या प्रार्थना तुमच्या पाठीशी आहेत.’ (मतं सोडून सगळं पाठीशी आहे.) कोरा म्हणाली, “शिवी दिली असती तर परत तरी करता आली असती. केक कसा परत करणार?” ग्रेडनचं म्हणणं, यात रंगाचा संबंध आहे हे सिद्ध करता येणार नाही. ते मात्र खरं आहे. या गावात सगळं नैसर्गिकच होतं.

मंगळवारी मतदान आहे. निकालाची वाट बघत जागू नकोस. तब्येतीला जप, आणि पहिल्या डॉक्टरकडे परत जा.

तुझा,
थेरॉन

ता. क. केक आम्ही खाल्ला. फार सुरेख होता. आईच्याच कृतीचा होता, ताई; जायफळसुद्धा अगदी तितकंच.

आणखी एक ता. क. मार्लनचा चेहरा त्या लोकांपुढे नेऊ नकोस, ते त्याच्याकडे कसे बघतील ते मला सोसायचं नाही, असं तू बजावलं होतंस. मी ऐकलं. त्याचाच काय, माझाही नेला नाही. आता गमावायला एक मत उरलेलं नाही, पाट्या मात्र ढीगभर आहेत आणि त्यांची मागची बाजू कोरी आहे. तुझ्या पलंगाशेजारचा त्याचा तो शाळेच्या बँडच्या गणवेशातला फोटो लगेच पाठव. मंगळवारच्या आत नदीकडच्या रस्त्याला मी तो त्या पाट्यांवर छापून स्वतःच्या हाताने रोवणार आहे. त्यांना ओळखीचं माणूस हवं असतं ना? ओळख करून देतो.