बंद लिफाफ्यातला पत्ता

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं होतील. तुमच्या राइट टाउनच्या वकिलीच्या ऑफिसात आता दातांचा दवाखाना आहे, आणि मी रोज स्कूटरवरून त्याच्यासमोरून कोर्टकचेरीत जाते. इतक्या वर्षांत तुम्हाला काही विचारावं असं वाटलं नाही. उलट कधीकधी बरंच वाटायचं, की आता टोकणारं कोणी नाही. आज विचारायचंय, पण त्याआधी मी काय करून बसले ते सांगावं लागेल. अर्धी हकीकत ऐकून सल्ला देणारे तुम्ही नव्हतातच.

तुमच्याकडे लागले त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट आठवते. आपण ऑटोने कचेरीत चाललोय, माझ्या मांडीवर एका घटस्फोटाची फाइल आहे, आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून मी ती उघडून वाचतेय. माझ्या शेजारी कोणी अनोळखी बाई बसलेली. तुम्ही हात पुढे करता, फाइल बंद करता, लाल कापडात पुन्हा बांधता आणि म्हणता, "हे कागद तुझे आहेत का? काहून वाचून राहिली मग रस्त्यात?" मी दिवसभर फुगून होते. संध्याकाळी तुम्ही मला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात नेलंत, दुकानदाराशी घासाघीस करून लाल कापड घेतलंत आणि त्यातला एक तुकडा माझ्या हातात ठेवलात. माझा पहिला कागदांचा बस्ता त्यात बांधला. तुमच्या त्या बटणांच्या फोनवर तुम्ही पक्षकाराचं नावसुद्धा घ्यायचा नाहीत. 'ते पिंपळाजवळचे', 'त्या दोन बहिणींपैकी धाकटी', असं चालायचं. आम्ही ज्युनियर मागे तुमची नक्कल करून हसायचो.

आणि ती थैली. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मृत्युपत्राचा मसुदा असलेली थैली तुम्ही ऑटोत विसरलात. ऑटोवाला भला माणूस, दोन तासांनी स्वतः आणून दिली. गाठ जशीच्या तशी. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण तुम्ही चहासुद्धा न घेता त्या गृहस्थांच्या घरी गेलात, मलाही नेलंत, आणि उभ्यानेच त्यांना सगळं सांगितलंत. ते तुम्हाला मुलांसमोर वाटेल ते बोलले, आणि तुम्ही ऐकून घेतलंत. परतताना मी विचारलं, थैली तर परत आली होती, मग सांगायला काहून गेलो आपण? तुम्ही म्हणालात, "दोन तास ती माझ्या हातात नव्हती. तेवढं त्यांना माहीत पाहिजे." तेव्हा मला तो म्हातारपणचा हट्ट वाटला होता.

आता माझं ऐका. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक बाई आली. आपल्यातलीच, घरात मराठी बोलणारी. नवरा मारायचा. मुलीला घेऊन निघाली आणि शहरातच घमापुरात मामीकडे लपून राहिली. मामी विधवा, एका खोलीची मालकीण, पण तिने दार उघडलं. कोर्टात आम्ही अर्ज दिला की हिचा पत्ता नवऱ्याला कळू नये. अर्जाची एक प्रत नेहमीसारखी त्याच्या वकिलाला जाणार, आणि पत्त्याचा कागद वेगळा, बंद लिफाफ्यात, फक्त न्यायाधीशांसाठी. अर्ज मी मनापासून लिहिला होता, सर. तुम्ही वाचला असता तर एखादाच स्वल्पविराम खोडला असता.

त्या दिवशी एकच प्रत निघाली आणि ऑफिसचा प्रिंटर बंद पडला. कचेरीसमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे. आम्ही सगळेच वकील तिथे फोनवरून कागद पाठवतो, आणि पोचेपर्यंत प्रती तयार असतात. मी अर्जाचे फोटो काढले, त्याच ओघात पत्त्याच्या कागदाचाही काढला, सगळ्यांची एक फाइल केली, तिला त्या बाईचं नाव दिलं आणि पाठवून दिली. मग दुकानात जाऊन तो कागद स्वतःच्या हाताने लिफाफ्यात घातला, डिंक लावला, त्यावर सही केली. लिफाफा बंद करताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

पाचव्या दिवशी नवरा घमापुरात मामीच्या दारासमोर उभा होता. काही बोलला नाही, काही केलं नाही. पानाच्या टपरीला टेकून नुसता उभा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पोलीस ठाण्यात म्हणाले, मॅडम, सडक पे खड़ा होना कोई जुर्म है क्या. मी दुकानात गेले. दुकानदाराने काही लपवलं नाही. नवऱ्याच्या वकिलाचा मुंशी आला होता, कॉम्प्युटरवर ते नाव दिसलं तसं म्हणाला, ही आमचीच केस आहे, आम्हालाही पाठवून द्या. "कॉपी तो उनको जानी ही थी ना मैडम," तो म्हणाला. "केस तो एक ही है." मी त्याच्यावर ओरडणार होते, पण काय म्हणून ओरडू? दुसरी प्रत समोरच्याला द्यायची हे आम्हीच त्याला वर्षानुवर्षं शिकवलंय.

मी माझ्या फोनवरून ती फाइल पुसली. फोन म्हणाला, सगळ्यांसाठी पुसली. सर, असं काही नसतं. मग मी शहाणी झाले आणि फाइलींना पासवर्ड लावायला लागले. आठवडाभराने लक्षात आलं की पासवर्डही मी त्याच दुकानाच्या त्याच नंबरावर, लगेच खालच्या ओळीत पाठवतेय. कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवल्यासारखं. आता नवा प्रिंटर घेतलाय. बैल गेला आणि झोपा केला.

ती बाई मुलीची शाळा सोडवून पुन्हा कुठेतरी गेली. जायच्या आधी माझ्याकडे आली होती. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "दीदी, मामीनंच सांगितलं असन. दुसऱ्या कोणाला माहीत होतं?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, सर. पण ते कळल्यावर ती वकील बदलेल, तारीख तोंडावर आलीय, नवा वकील काय करेल, असं सगळं तिच्याच भल्याचं मनात आलं, आणि मी मान डोलावली. मग तिने नवा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. म्हणाली, फक्त तुम्हाला देऊन राहिली. मी तो घेतला. तुमच्या त्या लाल तुकड्यात बांधून खणात ठेवलाय. त्याचा फोटो काढलेला नाही, एवढंच काय ते सांगण्यासारखं.

काल मामी आल्या. दोन ऑटो बदलून, पायऱ्या चढून, दम लागलेला. डब्यात नातीसाठी रव्याचे लाडू. पोरगी कुठे आहे तेवढं सांगा म्हणाल्या. मी अगदी तुमच्या आवाजात सांगितलं की पक्षकाराची माहिती मी कोणालाच देऊ शकत नाही. नियम बरोबर होता, आवाजही बरोबर होता. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "नका सांगू. पण मी कोणाले नाही सांगितलं, एवढं तरी तिले सांगा."

सांगते म्हटलं मी. डबा अजून टेबलावरच आहे, आणि हा कागद हाताने लिहून होईपर्यंत त्या बाईचा दोनदा फोन येऊन गेला, तारखेचं विचारायला. दोन्ही वेळा मी फक्त तारीख सांगितली.