साहेबासमोरची खुर्ची

पोशीर, ५ जानेवारी १८८९, शनिवार
हुकूम आला. कर्जतच्या नव्या इंग्रजी वर्गाला मास्तर नेमायचा आहे. ता. २१ रोजी खालापूरला तळ्याकाठी शाळाखात्याच्या साहेबाच्या तंबूत तोंडी परीक्षा. हा साहेब म्हणे स्पेलिंगात जवळजवळ सारखे दिसणारे इंग्रजी शब्द विचारतो आणि अर्थातला फरक सांगायला लावतो. विचारू दे. माझ्या वहीत अशा साठ जोड्या आहेत, साठही पाठ. शेवटची जोडी चेअर आणि क्वायर. चेअर म्हणजे खुर्ची, क्वायर म्हणजे गोऱ्यांच्या देवळात गाणारी मंडळी. झालं! यात भिण्यासारखं काय आहे?

मागच्या दोन परीक्षांत माझी वाचा बसली होती, पण ते पडशामुळे. ही तिसरी. चौथी संधी मिळणार नाही असं हुकुमात स्वच्छ लिहिलंय. म्हणजे हुकलं तर जन्मभर मारुतीच्या देवळात घोंगडीवर बसून बाराखडी शिकवायची.
जेवलो नाही. भूक नव्हती, एवढंच.

६ जानेवारी, रविवार
पहाटे एकदम लक्षात आलं की चेअरवर मी उभ्या जन्मात बसलेलो नाही! साहेब बस म्हणाला आणि बसलो, तर उद्धट. नाही बसलो, तर हुकूम मोडला. इकडे आड तिकडे विहीर.
नेरळला जलालचाचांकडे गेलो. चाचा तीस वर्षं रेल्वेच्या इंजिनियर साहेबाचे बटलर होते. साहेब विलायतेला परत जाताना आपली खुर्ची यांना देऊन गेला. चाचा म्हणाले, मास्तर, घरी घेऊन जा, रोज बसा, भीड मोडेल. साहेबानं बस म्हटलं की थँक्यू म्हणायचं नि टेकायचं, इतकंच हाय.
चाचांना लिहिता-वाचता येत नाही, पण अनुभव दांडगा.

७ जानेवारी
खुर्ची बैलगाडीतून आली. अर्धं गाव बघायला लोटलं. बायकोने, म्हणजे आनंदीने, खुर्चीला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, बसा की वो. मी म्हटलं, मुहूर्त पाहून.
कर्जतला बिऱ्हाड करणार असं सगळ्यांना सांगून टाकलं. आत्मविश्वास हवा.

९ जानेवारी
बसलो नाही. शेजारी उभा राहिलो. हीसुद्धा प्रॅक्टिसच.

१२ जानेवारी
यंदा संक्रांत आज आली. अशा दिवशी उंच जागी बसू नये असं कुठेतरी वाचल्याचं स्मरतं.

१३ जानेवारी, रविवार, संध्याकाळ
निश्चय केला की अगोदर क्वायरचा अभ्यास, मग चेअरचा. आगगाडीने कर्जतला गेलो. रेल्वेच्या गोऱ्या ड्रायव्हरांची प्रार्थनेची खोली आहे, तिच्या खिडकीखाली दबून बसलो. पेटी वाजली. दहा-बारा माणसं हातात पुस्तकं घेऊन होती, कुणी उंच सुरात, कुणी खाली, पण सगळी एकदम. फार सुरेख! मी हळूच डोकं वर काढलं, तोच खोलीतली झाडून सगळी माणसं उठून उभी राहिली. मला पाहिलं असणार. पळालो. उजवी वहाण सांडपाण्याच्या चिखलात राहिली.
अभ्यास मात्र पुरा झाला.

१४ जानेवारी
कर्जतला त्या खिडकीखाली मला कुणीतरी पाहिलं असणार, कारण मास्तर बाटला अशी गावभर बोंब. मेहुणे कोंडाजी बहिणीच्या काळजीने धावत आले. म्हणाले, दाजी, शेंडी हाय का ते दावा आधी. दाखवली. तरी जाताना त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.
वहाण आणायला जाणार नाही. तंबूबाहेर पायताण काढावंच लागतं.

१६ जानेवारी
शाळेतून आलो तर आनंदी खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होती! मी ओरडलो. ती म्हणाली, कंबर दुखती खाली बसून, आनि ही रिकामीच हाय न्हवं? बायकांना गांभीर्य नाही.

१९ जानेवारी
आज बसलो. दाराला कडी लावून, डोळे मिटून, तिसापर्यंत आकडे मोजायचे असं ठरवलं होतं. अकराला उठून उभा राहिलो. खुर्चीचा एक पाय आखूड असावा. आनंदी म्हणते, नाय, मी रोज बसतेय.
तयारी पूर्ण आहे. पोट सकाळपासून बिघडलंय, पण तो वालाचा दोष.

२० जानेवारी, खालापूर
गाडीने आलो. धीर द्यायला चाचा सोबत आहेत. तळ्यापलीकडे तंबू दिसतो. तिकडे बघायचं टाळतोय. ऊन डोळ्यांवर येतं.

२१ जानेवारी, दुपार
लिहितो.
नाव पुकारलं. आत गेलो. साहेब वाईट नव्हता. हसला, आणि बोटाने दाखवून म्हणाला, टेक अ चेअर. मला कळलं. अर्थ ठाऊक होता, थँक्यू ठाऊक होतं. पाय हलेनात. कारकुनाने मराठीत सांगितलं, बसा. तरी उभाच. मग साहेबाने सोडून दिलं आणि विचारलं, चेअर आणि क्वायर यांत फरक काय?
साठांपैकी माझीच जोडी! उत्तर दातांपर्यंत आलं आणि माघारी गेलं. कारकून घड्याळ बघत होता. नंतर म्हणाला, या आता.
चाचा दारातच होते. त्यांनी झोकात सलाम ठोकला. साहेबाने गमतीने तोच प्रश्न त्यांना हिंदुस्थानीत केला. चाचा लगेच म्हणाले, हुजूर, चेअरवर एकटा माणूस बसतो. क्वायरमध्ये सगळे उभे राहून एकदम तोंड उघडतात, म्हणून कुणाला भीती वाटत नाही. साहेब खो खो हसला.
हे उत्तर माझ्या वहीतल्यापेक्षा चांगलं आहे, असं मला वाटत नाही.

२३ जानेवारी, पोशीर
सकाळी चाचा आले. साहेबाने त्यांना बटलर म्हणून ठेवून घेतलंय, उद्या दौऱ्याबरोबर निघणार. खुर्ची तुमीच ठेवा म्हणाले.
संध्याकाळी आनंदी खुर्चीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, क्वायर म्हंजी वो काय? मी सांगू लागलो. पेटी, पुस्तकं, उंच आणि खालचे सूर, सगळं सांगितलं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. एकदाही अडखळलो नाही. तिने शेंगा बाजूला ठेवल्या. म्हणाली, येवढं येत व्हतं, मंग थितं का नाय बोललात?
मी म्हटलं, घसा बसला होता.
ती हसली नाही. उठली, पदराने खुर्ची पुसली आणि म्हणाली, बसा, आता कोन हाय बघायला?
कोणी नव्हतं. तरी बसलो नाही. ही वही कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला भीती वाटते. पडसं नव्हतं, वालही नव्हते. भीतीच होती.
हे घोंगडीवर बसून लिहिलं.