गांडुळांना घातलेली खिचडी

आई, मी शाळेत गांडुळं पाळली. हे ऐकून तू हसली असतीस की कपाळाला हात लावला असतास, मला सांगता येत नाही. दौंड तालुक्यातल्या माझ्या शाळेमागं, उसाच्या कडेला, गुडघ्याएवढा विटांचा हौद आहे. तळाला उसाचं वाळलेलं पाचट, त्यावर मुरलेलं शेण, वर ओलं गोणपाट. खिचडीसाठी भाजी चिरली की सालं आणि देठं त्यात टाकायची, आणि दोनेक महिन्यांत त्याचं चहाच्या पावडरीसारखं खत होतं, हे मला चौथीच्या पोरांना दाखवायचं होतं. पहिल्या दिवशी पोरी किंचाळल्या. आठवडाभरात त्याच पोरी मधली सुट्टी झाली की गोणपाट उचलायला धावायच्या. मी त्यांना म्हणाले, "बघा, ही आपल्यासाठी राबतात." तेव्हा मला ते वाक्य फार चांगलं वाटलं होतं.

मागच्या महिन्यात एका सोमवारी गोणपाट उचललं तर आंबूस वास आला. आत हात घातला तर गरम. पाचटाखाली पिवळी खिचडी दडवलेली होती, तेल-मीठ-तिखटासकट, आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. गांडुळं भिंतीवरून बाहेर पडून फरशीवर वाळून गेली होती. कुणी केलं, म्हणून विचारलं तर एक मुलगी लगेच पुढं आली. तिची आई कुरकुंभच्या कंपनीत झाडलोटीला जाते. "मी घातली बाई. रोज थोडी थोडी." मी म्हणाले, "सालं घालायची सांगितलं होतं ना?" तर ती म्हणते, "पण तुम्हीच म्हणला, ती आपल्यासाठी राबत्यात. मंग त्यांनी नुसती सालंच खायाची व्हय?"

तेला-मिठानं गांडुळं मरतात, हे मी वर्गात सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती. तेवढं कबूल करून मोकळं व्हायचं, तर मी ओरडले, "अन्न टाकायला शिकलीस व्हय?" आणि ओरडल्यावर कळलं की हे वाक्य माझं नाही, तुझं आहे. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "टाकलं न्हाई बाई. माझ्यातलं दिलं."

तू ते म्हणालीस तेव्हा मीही चौथीत होते. घोडनदीकाठच्या आपल्या शाळेत तू खिचडी शिजवायचीस, पत्र्याच्या शेडमध्ये. सगळ्या पोरांचं झालं, गुरुजींचं झालं, की तू पातेलं आडवं घेऊन उलथन्यानं तळाची करपलेली खरवड काढायचीस आणि भिंतीकडं तोंड करून खायचीस. एक दिवस मी माझी अर्धी ताटली तशीच ठेवली आणि तुझ्यापुढं धरली. "हे घे, मऊ हाय." तू ताटलीकडं बघतेस, मग दारात उभ्या असलेल्या गुरुजींकडं बघतेस, आणि सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडतेस, "अन्न टाकायला शिकलीस व्हय?" उभ्यानं सगळं संपवायला लावलंस. घरी येताना मी तुझ्या मागं दहा पावलं चालत होते आणि तू एकदाही वळून बघितलं नाहीस.

मी तुझं टाकत नव्हते, आई. तुला ते दिसलं नव्हतं का? की दिसलं होतं, आणि तू खरवड खातेस हे मी बघितलं, याचाच तुला राग आला? की गुरुजींनी बघितलं याचा? इतकी वर्षं मी हे तुझ्या कडकपणाच्या खात्यात टाकून गप्प बसले होते. आता त्या मुलीवर ओरडून झाल्यावर मला काहीच नक्की वाटेनासं झालंय. मी तर रागावलेसुद्धा नव्हते. मला लाज वाटली होती, पण कशाची, ते धड सांगता येत नाही. तुझंही असंच झालं होतं का?

त्यानंतरच्या रविवारी मी कुणाला न सांगता निमोण्याला गेले. तिथल्या एका शेतकऱ्याकडून डबाभर नवी गांडुळं आणली, हौद रिकामा करून ताजं शेण भरलं आणि ती सोडली. सोमवारी पोरांना सांगितलं, उरलेली उन्हाला भिऊन खाली लपली होती, आता वर आली. पोरं नाचली. ती मुलगी मात्र वाकून बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "समदी वाचली, बाई?"

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून लिहिते. मी म्हणाले, "हो, सगळी." त्यानंतर ती हौदाकडं आलेली नाही, आणि मी तिला बोलवलेलंही नाही.