खोटं बोलणारं बीपी मशीन

४ ऑक्टोबर
ऑफिसचा जिना चढताना डाव्या कानात ठोके ऐकू आले. नंतर थांबले, तेच जास्त संशयास्पद. लंच टाइममध्ये फोनवर शोधलं. बरीचशी कारणं किरकोळ होती, ती सोडून दिली. उरलेली दोन वाचून डबा तसाच परत आणला. निश्चय : घाबरायचं नाही, माहिती मिळवायची.

५ ऑक्टोबर
फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बीपी पाहिलं, कानात बॅटरी मारली. म्हणाले, मळ आहे, थेंब घाला, आणि फोन जरा बाजूला ठेवा. माणूस चांगला आहे, पण अपडेट नाही. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा मागच्या महिन्याचं. थेंब आणले, घातले नाहीत. घरी येताच बीपी मशीन ऑर्डर केलं.

८ ऑक्टोबर
मशीन आलं. माझं बीपी १२२/८०. साइटवर म्हणे हे नॉर्मल. विश्वास बसेना. पंपांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला उभा जन्म गेलाय माझा. आमच्याकडे नवा गेज आला की आधी मास्टर पीसवर लावून बघतात, म्हणजे ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे अशा नगावर. घरात असा नग एकच, बायको. हिला लग्नापासून साधी सर्दी झालेली आठवत नाही. भाजी चिरत होती, तसाच हात ओढून पट्टा बांधला. १७४/१०६.
मशीन बाद. म्हणजे माझं १२२ पण खोटंच. जरा बरं वाटलं.

९ ऑक्टोबर
हिचं पुन्हा घेतलं, तोच प्रकार. साइटवर रिव्ह्यू टाकला. एक स्टार. 'ठणठणीत माणसाला पेशंट दाखवतं. घेऊ नका.' पुष्कळ लोकांना उपयुक्त वाटला.
ही डोकं दाबत बसली होती. माझ्या आजाराचं एवढं टेन्शन घेऊ नकोस म्हणालो.

१३ ऑक्टोबर
दुसऱ्या कंपनीचं मशीन आलं. माझं १२०/७८. हिचं १७०/१०४. दोन्ही कंपन्या एकाच ठिकाणाहून माल उचलतात हे उघड आहे.
संध्याकाळी हिने हॉलचा दिवा बंद केला. उजेड टोचतो म्हणे. मला माझ्या आजाराची नेटवरून काढलेली प्रिंटआउट वाचायला फार त्रास झाला.

१५ ऑक्टोबर, सकाळ
आज डॉक्टरांना पुराव्यानिशी गप्प करायचं. दोन्ही मशिनं आणि प्रिंटआउटची फाइल नेतोय. मास्टर पीस म्हणून ही बरोबर. पिशवी तिच्याकडे दिली. अशा लक्षणांत वजन उचलू नये असं वाचलंय.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ
काय झालं ते नीट लिहितो.
मी डॉक्टरांना म्हटलं, माझं नंतर बघा, आधी तुमच्या मशीनवर हिचं घ्या, म्हणजे या दोन मशिनांचा खोटेपणा कळेल. ते हसत हसत पट्टा बांधायला लागले. मग हसायचे थांबले. दुसऱ्या हातावर घेतलं. हिला थोडा वेळ पडायला सांगून पुन्हा घेतलं. डोकं कधीपासून दुखतंय, विचारलं. सवयीने मीच उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मला ठाऊकच नव्हतं.
"दीडेक महिना झाला असेल," ही म्हणाली. "पण यांचं चाललं होतं ना. घरात एक पेशंट पुरे, म्हटलं."
डॉक्टर मला झापतील असं वाटलं. झापलं असतं तर बरं झालं असतं. चिठ्ठी लिहिता लिहिता ते म्हणाले, "वेळेवर आणलंत."
मी तिला आणलं नव्हतं. मशीन तपासायला तिला नेलं होतं. हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. इतकी लाज वाटली की फाइल पिशवीतून काढलीच नाही. येताना पिशवी मी घेतली. ही म्हणाली, अहो, तुम्हाला वजन चालत नाही ना.

१६ ऑक्टोबर
हिचा ईसीजी ठीक आला. गोळी सुरू झाली. गोळीचं नाव शोधायला फोन हातात घेतला होता, ठेवून दिला. शंका असेल ती डॉक्टरांना विचारीन.
कानात थेंब घातले. मळ निघाला. ठोके बंद.
तो रिव्ह्यू काढायला गेलो. साइट कारण विचारते. लिहिलं : मशीन बरोबर होतं, बायको आजारी होती.
स्वयंपाकघरातून हिने विचारलं, आज काय होतंय तुम्हाला. काही नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही. हात पुसत आली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.