डब्याचं बूच

प्रिय पोरी,

उंदीरकाकाला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, म्हणून हसशील. अगं, तुझ्याच प्रयोगाच्या रजिस्टरात आकडे लिहून लिहून हात वळलाय. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या देखभालीतून निवृत्त झालो, पण विसावा नशिबात नाही. आठ महिन्यांपूर्वी तुझ्या काकूला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. अंग पुसायचं, मऊ करून भरवायचं, मिटलेली बोटं एकेक करून उघडायची; ती पुन्हा मिटतात, मी पुन्हा उघडतो. थकलोय गं. तिचं तोंड वाकडं झालं तरी जीभ तिखटच आहे. काल दूध सांडलं, तर म्हणाली, उंदरांना तरी नीट भरवत होतात.

तिच्या उशाशी बसलं की तुझी शिकवणी आठवते. उंदरांना दोन आठवडे रोज थोडा वेळ कमी प्राणवायूच्या डब्यात ठेवायचं. मग मेंदूचा रक्तपुरवठा अडवला, तर नुकसान कमी होतं का, ते बघायचं. श्वास कोंडायचा हे कसलं औषध, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, काका, टंचाई सोसलेलं घर दुष्काळात तगतं ना, तसंच मेंदूचं असेल. वर दमही दिलास, हे घरी कुणावर करून बघायचं नाही, माप चुकलं तर जीव जाईल. मी म्हटलं, म्हणजे टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण नाही! तू इतकी हसलीस की चहाचा ठसका लागला.

आणि मग निकाल आला: डब्यातले उंदीर आणि बाहेरचे, दोघांचे मेंदू सारखेच खराब. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर टोमणा मारला, डब्यात ठेवत होतीस की हवा खायला नेत होतीस? महिन्याभरात टेबल आवरून शाळेत शिकवायला निघून गेलीस. डब्यातल्या उंदरांच्या एकाच तुकडीचे मेंदू पुष्कळ वाचले होते. ती चुकून वेगळी आली असणार, म्हणून तू बाजूला काढलीस. ती तुकडी डब्यात होती तेव्हा मी मोतीबिंदूसाठी रजेवर होतो.

पोरी, तू जेवायला गेलीस की डब्यापाशी मी एकटाच असायचो. आत ती पिल्लं एका कोपऱ्यात गोळा व्हायची, पोटं भात्यासारखी हलायची. मी मागचं रबरी बूच काढायचो. बाहेरची हवा आत शिरून प्राणवायूचं मीटर वर चढायचं, आणि रजिस्टरात मी तू सांगितलेला आकडा लिहायचो. तुझी पावलं वाजली की बूच परत जागेवर. दयेपोटी केलं आणि तुझ्याच मुळावर आलो. चार वर्षं गिळून बसलो होतो. आज सकाळी काकूला सांगितलं. ती स्वतःच्या निर्जीव हाताकडे बघत अडखळत म्हणाली, तिला लिहा, आजच. हे पत्र मोठ्या बाईंना दाखव, माझी अब्रू सांभाळू नकोस. प्रयोग पुन्हा मांड, आणि या खेपेला डब्यापाशी माझ्यासारखा हळवा माणूस बसवू नकोस. तू फेकलेली ती एकच तुकडी खरी होती.

तुझाच अपराधी,
उंदीरकाका